ऑफिसातली मावशी

भाच्याने कंपनी काढली तेव्हा त्याने मला नोकरी दिली, असं तो सगळ्यांना सांगतो. मी सांगते ते जरा वेगळं आहे. शाळेच्या ऑफिसातून मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि डोंबिवलीच्या घरात दुपार सरता सरत नव्हती. एका रविवारी तो जेवायला आला आणि जेवता जेवता सारखे फोन कापत राहिला. कोणाचे फोन म्हणून विचारलं, तर म्हणाला, "नोकरीला अर्ज केलेल्यांचे. काय सांगू त्यांना?" मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि पलीकडच्या मुलाला सांगितलं, की बाळा, जागा भरली, तुझा अर्ज चांगला होता, उगाच वाट बघत बसू नकोस. त्या मुलाने इतके आभार मानले की मलाच कसंतरी झालं. भाचा आमटीची वाटी हातात धरून माझ्याकडे बघत होता.

"मावशी, तू येतेस का आमच्याकडे?"

"मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही."

"तुला माणसं कळतात ना? कॉम्प्युटरचं आम्ही बघतो."

पुढच्या आठवड्यात मी कामावर होते. माझ्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, हे फारसं आवडलं नव्हतं. "माय मरो आणि मावशी जगो, हे माझ्याच घरात खरं करून दाखवा," असं ती म्हणाली आणि मला डब्यासाठी लोणच्याची बरणी दिली.

ऑफिस ठाण्याला नौपाड्यात, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. बाहेरच्या खोलीत एक बाक, पाण्याचा फिल्टर आणि माझं टेबल. आतल्या मोठ्या खोलीत कानात बोळे घातल्यासारखी बसलेली सात-आठ पोरं, आणि कोपऱ्यात प्लायवूड ठोकून केलेली भाच्याची केबिन. कंपनीचं काम हाउसिंग सोसायट्यांसाठी ॲप करण्याचं. लिफ्ट बंद आहे, टँकर आला नाही, वरच्या मजल्यावरचे दुपारी मसाला कुटतात, अशा सगळ्या तक्रारी त्यात नोंदवायच्या आणि आमच्या माणसांनी त्या सेक्रेटरीकडून सोडवून घ्यायच्या. भाचा याला स्टार्टअप म्हणतो. मला ते आमच्या शाळेच्या ऑफिससारखंच वाटतं, फक्त इथे घंटा होत नाही.

माझं काम अर्ज केलेल्यांशी बोलणं. फोन करायचा, वेळ ठरवायची, स्टेशनवरून कसं यायचं ते सांगायचं आणि मुलाखत झाली की निकाल कळवायचा. हे शेवटचं काम कुठेच कोणी करत नाही, हे मला इथे आल्यावर समजलं. भाचासुद्धा मुलाखत संपली की गोड हसून "कळवतो हं" म्हणायचा आणि विसरून जायचा. मला राग लवकर येतो. मी त्याला म्हटलं, "मुलगी बघायला आलेले लोक 'कळवतो' म्हणून उठतात ना, तेव्हा मुलीच्या आईला त्यांच्या चपला घालण्यावरूनच समजतं. पण ही पोरं अजून तेवढी शहाणी झालेली नाहीत. ती खरंच फोनकडे बघत बसतात." तेव्हापासून नियम झाला, की आलेल्या प्रत्येकाला हो किंवा नाही स्पष्ट सांगायचं. हो तो सांगणार, नाही मी सांगणार. लाडू त्याला आणि कारलं मला.

अर्जातली माणसं आणि दारातून आत येणारी माणसं यांची फार ओळख नसते. अर्जात सगळे मेहनती असतात. एकाने छंद म्हणून 'नेतृत्व' लिहिलं होतं. एका मुलाच्या वडिलांनी कल्याणहून मला परस्पर फोन केला आणि म्हणाले, "मॅडम, पोरगं हुशार आहे, फक्त सकाळी उठत नाही. त्याला उठवायची जबाबदारी माझी, पण त्याला हे सांगू नका." त्या मुलाला आम्ही घेतलं, आणि वडिलांनी दिलेला शब्द आजतागायत पाळला आहे.

आता मुख्य घोळाकडे येते. भाच्याने पहिल्या दिवशी मला चारचौघांत "मॅम" म्हणून बघितलं. त्याला ते जमेना, मला हसू आवरेना. जन्मल्यापासून तो मला मावशी म्हणतो, तसंच चालू राहिलं. मग आतली पोरं मावशी म्हणायला लागली, कुरियरवाला म्हणायला लागला, खालचे दातांचे डॉक्टरही जिन्यात "काय मावशी, कवळी कधी बसवताय" म्हणून विचारू लागले. पण आपल्याकडे ऑफिसात मावशी म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लादी पुसते, चहा आणते, डबे धुते ती मावशी. आमच्याकडे सकाळी झाडायला येणाऱ्या बाईंना आम्ही ताई म्हणतो. हे बाहेरून आलेल्याला काय माहीत? तो बाकावर बसायचा, आतून हाक यायची, "मावशी, त्यांना पाणी दे गं," मी पाणी द्यायची, आणि त्याचा हिशोब पूर्ण व्हायचा.

एकाने मला त्याचं हेल्मेट धरायला दिलं. एकाने "मावशी, कटिंग मिळेल का, साखर कमी" म्हटलं. नंतर मी फाइल घेऊन केबिनमध्ये त्याच्यासमोर बसले, तेव्हा त्याच्या तोंडून स्वतःचं नावसुद्धा नीट निघेना. एक मुलगा मात्र पाणी पिऊन ग्लास विसळून पालथा घालून गेला. भाच्याला हे सगळं ऐकून भारी मजा वाटली. तो याला मावशी टेस्ट म्हणू लागला, आणि मुलाखतीनंतर पहिला प्रश्न मला विचारू लागला, "बाहेर कसा होता?" खरं सांगायचं तर मलाही त्यात गंमत वाटत होती. आत अर्ध्या तासात जे कळत नाही, ते बाहेर पाणी पिताना कळतं. आणि पाणी द्यायची मला कधीच लाज वाटली नाही, घरी आलेल्याला देतोच की आपण.

असं सगळं मजेत चालू असताना आम्हाला बाळकुमचं काम मिळालं. एक भलं मोठं संकुल, टॉवरला टॉवर लागलेले, आणि त्या सगळ्यांचं काम गुढीपाडव्यापासून आमच्या ॲपवर येणार होतं. भाच्याला रात्रीची झोप लागेना. त्या संकुलातल्या लोकांशी फोनवर बोलणारं एक खमकं माणूस त्याला हवं होतं, आणि ते पाडव्याला हजर हवं होतं. ते एक काम नीट उभं राहिलं तर कंपनी उभी राहणार होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. नवरात्राच्या आसपास आम्ही मुलाखती सुरू केल्या.

त्यात डोंबिवलीच्या अलीकडच्या दिव्याहून एका मुलीचा अर्ज आला होता. मुलगी म्हणजे लग्न झालेली, तिशीच्या आतली. आधी एका कंपनीत हेच काम केलेलं, नंतर मध्ये काही महिने घरी. मी फोन केला तेव्हा तिने पगार विचारला नाही, सुट्ट्या विचारल्या नाहीत. फक्त विचारलं, "मॅडम, ऑफिस कितव्या मजल्यावर आहे?" मी म्हटलं, पहिल्या. ती म्हणाली, मग येते.

आली ती पांढरीफटक पडलेली. खाली दवाखान्यात स्पिरिटचा का कसला वास सुटला होता, तो जिन्यात भरून राहिला होता. दारात पोचल्या पोचल्या तिने ओढणी तोंडावर धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, बाथरूम कुठेय?" आतून भाच्याने नेमकी तेव्हाच हाक दिली होती, "मावशी, त्या आल्या का गं?" मी तिला हाताने दार दाखवलं आणि आत ओरडून सांगितलं, "आल्यात. थांब जरा."

ती बाहेर आली तेव्हा मी तिला खिडकीजवळ बसवलं, पाणी दिलं आणि पर्समधली आवळ्याची सुपारी तिच्या हातावर ठेवली.

"उपाशी निघालीस का?"

"नाही हो. खाल्लेलं. पण राहत नाही पोटात." मग इकडे तिकडे बघून ती हळू आवाजात म्हणाली, "तिसरा चालूय, मावशी. तिसरा संपेपर्यंत कुणाला बोलायचं नसतं ना. घरात नवऱ्याला आणि आईला, बस. तुम्ही आत नका हां सांगू."

"मी कशाला सांगू?"

"नाही, आधी मी जिथे होती ना, तिथे लगेच सांगितलेलं. खूष होती मी. पेढे पण वाटलेले. मग पुढच्याच आठवड्यात मला सांगितलं, तुझं काम या मुलीला शिकव. शिकवलं मी. मग नोकरी पण गेली आणि..." तिने सुपारी या गालातून त्या गालात घेतली. "ते पण राहिलं नाही."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सर कसे आहेत इथले? रागावतात का?"

"रागावत नाहीत. विसरतात फार."

ती हसली. हसल्यावर तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं, की अगं, मी ती मावशी नाही, तुला फोन केला होता ना, ती मी. तोंडापर्यंत आलंही होतं. पण आतून पुन्हा हाक आली, ती चटकन उठली, ओढणी सारखी करून केबिनमध्ये गेली. मी तिची फाइल घेतली आणि तिच्या मागोमाग आत जाऊन भाच्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

तिने माझ्याकडे बघितलं. भाचा म्हणाला, "या आमच्या इथलं भरतीचं सगळं बघतात, फोनवर बोलल्याच असाल." ती "हो" म्हणाली. त्यानंतर मुलाखतभर तिने माझ्याकडे मान वळवली नाही.

पण काम तिने चोख दाखवलं. भाच्याची एक पद्धत आहे. तो चिडलेला रहिवासी होतो आणि समोरच्याने फोनवर असल्यासारखं त्याच्याशी बोलायचं. तो चिडून म्हणाला, "ओ, सातव्या मजल्यावर सकाळपासून पाणी नाही, तुमचं ॲप काय चाटायचंय का?" आतापर्यंतच्या सगळ्यांनी यावर पहिल्यांदा फ्लॅट नंबर विचारला होता. तिने विचारलं, "काका, आत्ता घरात प्यायला तरी आहे का पाणी?" भाचा रहिवासी असायचं विसरून गेला. मग तिनेच त्याला सांभाळून घेतलं, आधी टँकरचं, मग नंबरचं, मग सेक्रेटरींना कधी फोन करणार त्याचं. टँकरवर दिवस काढणाऱ्या दिव्यातल्या माणसाला पाणी नसणं म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी भाच्याने विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"नाही सर," ती म्हणाली. "मला विचारायचं होतं ते मी बाहेरच विचारलं." आणि नमस्कार करून निघून गेली.

भाचा खुर्चीतून उठून उभाच राहिला. "मावशी, हीच. बाळकुम हिच्या हातात दिलं की मी सुटलो. बाहेर कशी होती?"

"चांगली होती," मी म्हटलं.

एरवी मी त्याला शेंगदाण्याच्या फोलपटापर्यंत सगळं सांगते. त्या दिवशी तेवढंच बोलले आणि टेबलाशी येऊन बसले. बोटांवर महिने मोजले. पाडव्याला तिचा नववा चालू असणार होता. म्हणजे ज्या दिवसासाठी भाचा माणूस शोधत होता, नेमक्या त्या दिवशी ती नसणार होती. त्याने चांगली नोकरी सोडून हा पसारा मांडला होता, माझ्या बहिणीचा जीव त्यात अडकला होता, आणि मला एक गोष्ट माहीत होती जी त्याला माहीत असायला हवी होती. पण ती मला कोणी कंपनीची माणूस म्हणून सांगितली नव्हती. पाणी देणाऱ्या बाईला सांगितली होती. मी सांगितली तर त्या मुलीचं पुन्हा तेच होणार होतं. मला फार वाईट वाटत होतं, आणि कोणाची बाजू घेतली की वाटणं थांबेल, तेही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाच्याने ऑफर द्यायला तिला फोन केला. तिने उचलला नाही. त्याने पुन्हा केला, मग मी केला. मेसेज टाकला, तिने वाचला, उत्तर नाही. आमच्या इथे सगळ्यांना याचं नवल वाटलं. इतके दिवस लोक आमच्या फोनची वाट बघायचे, आता आम्ही सगळे एका फोनची वाट बघत होतो. भाचा म्हणाला, "दुसरीकडे लागली असेल. निदान कळवायचं तरी." मी त्याच्याकडे बघितलं, तेव्हा त्याने स्वतःच जीभ चावली.

मला कारण माहीत होतं. आमच्या कंपनीने बाहेरच्या खोलीत मुद्दाम एक साळसूद बाई बसवून ठेवली आहे, जी सुपारी देऊन पोटातलं काढून घेते, असं तिला वाटलं असणार. आणि तसं ते अगदीच खोटंही नव्हतं. मावशी टेस्ट हे नाव तिने ऐकलं असतं तर काय म्हणाली असती? दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला आम्ही वर ताकही गरमच दिलं होतं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी तिला मेसेज लिहायला बसले. आधी लिहिलं, 'तुमचा गैरसमज झाला आहे.' ते पुसलं. गैरसमज माझ्यामुळेच झाला होता, तो तिच्या माथी कशाला मारायचा? मग लिहिलं, 'मी मालकाची खरीच मावशी आहे, त्याच्या आईची बहीण. म्हणून सगळे तसं म्हणतात. पाणी देताना मी कोण ते सांगायला हवं होतं, राहिलं. तुम्ही बोललात ते मी कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. नोकरी तुमच्या कामावर मिळाली आहे. पुढचं तुम्ही ठरवा.' दोन वेळा वाचून पाठवून दिला. माझ्या नवऱ्याने विचारलं, एवढा वेळ कोणाशी भांडतेयस? मी म्हटलं, भांडत नाहीये, हेच नवीन आहे.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. तिच्या डॉक्टर डोंबिवलीलाच होत्या. "तपासायला येतेय, मॅडम. बाहेर कुठेतरी भेटू या का? ऑफिसात नको." मी म्हटलं, बाहेर कशाला, घरी ये.

आली तेव्हा ती सोफ्याच्या कडेवर बसली. मी तिला लिंबाचं सरबत दिलं आणि समोर बसले. या वेळी मी कोण आहे याबद्दल कोणाला काही शंका नव्हती, त्यामुळे बोलणं जड जात होतं.

"तुम्ही सरांना खरंच नाही सांगितलं?"

"नाही."

"का? तुमच्या घरचे ना ते?"

"माझ्या घरचा तो आहे. बातमी तुझ्या घरची आहे."

तिने ग्लास खाली ठेवला. "मॅडम, मला ही नोकरी हवीय. घरी बसून मला वेड लागेल, सारखं मागचंच आठवतं. पण बघा ना, आधी सांगितलं तर ते नाही म्हणणार. नंतर सांगितलं तर म्हणणार, फसवलं. मधली जागाच नाहीये कुठे."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत होती. मला शहाणपणाचं काही सुचावं असं फार वाटत होतं, पण सुचलं ते साधंच होतं. मी म्हटलं, "दिवाळीनंतर जॉइन हो. तोवर तिसरा संपतो. सही कर, आणि मग त्याच दिवशी तुझ्या तोंडाने सांग. सही झाल्यावर तो मागे फिरणार नाही, तेवढा मी त्याला ओळखते."

"आणि चिडले तर?"

"चिडला तर माझ्यावर चिडेल. त्याला लहानपणापासून सवय आहे."

ती जाताना मी तिच्या हातात आवळ्याच्या सुपारीची सबंध बाटलीच दिली. ती जिना उतरेपर्यंत मी दारात उभी होते. दुसऱ्या दिवशी तिने भाच्याला फोन करून दिवाळीनंतर येते म्हणून कळवलं.

ती दिवाळी मला गोड लागली नाही. बहिणीकडे फराळाला गेले तर भाचा सगळ्या पाहुण्यांना सांगत होता, की आता गुढीपाडव्याची काळजी मिटली, एक जबरदस्त मुलगी मिळाली आहे, मावशीने शोधली. बहिणीने माझ्या ताटात दुसरी करंजी वाढली. मी ती खाल्ली. एकदा वाटलं, त्याला बाजूला घेऊन सांगून टाकावं. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, ते थोडं कमी झालेलं दिसत होतं. मग वाटलं, तिने पेढे वाटले होते. आणि मी तशीच घरी आले. त्याच दिवसांत मी आणखी एक केलं. मावशी टेस्ट बंद केली. आता जो कोणी येतो त्याला पाणी द्यायच्या आधी मी सांगते, तुम्हाला फोन केला होता ती मीच. भाच्याने कारण विचारलं, तर म्हटलं, मला कंटाळा आला.

जॉइन व्हायच्या दिवशी ती वेळेच्या आधी आली. तब्येत सुधारलेली, अंगावर नवा कुर्ता, केसांत अबोलीचा छोटा गजरा. जिन्यातला वास तसाच होता, पण तिला काही झालं नाही. भाच्याने तिला आणि मला केबिनमध्ये बोलावलं, नेमणुकीचं पत्र टेबलावर ठेवलं आणि पेन पुढे केलं.

तिने पेन घेतलं, आणि परत टेबलावर ठेवलं.

मी मनात म्हटलं, अगं, आधी सही. आपलं ठरलंय ना. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"सर, सही करायच्या आधी सांगायचंय. मला चौथा महिना लागलाय. एप्रिलची तारीख दिलीय. तुम्ही बाळकुमचं काम मला देताय ते पाडव्याला, आणि तेव्हा मी नसणार. पुढच्या तीन-चार महिन्यांत मी सगळं लावून देईन, नंतर परत पण येईन. पण पाडव्याला मी नसणार. आता तुम्ही बोला."

ती उभीच होती. भाच्याने पत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मावशी, तुला माहीत होतं?"

मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "नाही सर. मॅडमना काही माहीत नव्हतं. मी कुणालाच सांगितलेलं नाही."

ती माझ्यासाठी खोटं बोलत होती. ज्या बाईने तिला अंधारात ठेवलं होतं, तिला वाचवायला. माझे डोळे भरून आले आणि त्याचा मला रागही आला.

"माहीत होतं," मी म्हटलं. "मुलाखतीच्या दिवसापासून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"ते तिने सांगायचं होतं."

"म्हणजे मी हिला नको म्हटलं असतं, असं वाटलं तुला? माझ्याबद्दल?"

याला गोड उत्तर देता आलं असतं. तसं नाही रे, असं म्हणता आलं असतं. पण समोर ती मुलगी खरं बोलून उभी होती, आणि तिच्यासमोर मला ते जमेना.

"हो," मी म्हटलं. "वाटलं."

त्याचा चेहरा उतरला. लहानपणी मी त्याला कधी रागावले तरी तो इतका हिरमुसलेला मला आठवत नाही. त्याने खुर्ची मागे सरकवली, पत्राचा कोपरा दोन बोटांत धरला. बाहेर पोरांचं टाइप करणं ऐकू येत होतं. मला वाटलं, आता तो 'कळवतो' म्हणणार.

"म्हटलं असतं, मावशी," तो हळूच म्हणाला. "मी नकोच म्हटलं असतं."

मग त्याने तिच्याकडे बघितलं आणि एकदम गडबडून म्हणाला, "अहो, तुम्ही उभ्या का? बसा ना आधी." ती बसली. त्याने टेबलावरचं पेन उचलून पुन्हा तिच्या हातात दिलं, आणि मला म्हणाला, "पाडव्याला यांच्या जागी कोण, ते आजपासूनच बघायला लाग. आणि जो येईल त्याला सरळ सांग, ही जागा थोड्या महिन्यांचीच आहे."